बाईंनी न तपासलेली पानं

मोठ्या बाई वारल्या, आणि त्यानंतर सात महिन्यांनी, एका शुक्रवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी, त्यांनी एका दमात अकराशे चाळीस पानं तपासून दिली. कंपनीच्या कॉम्प्युटरवर तशी नोंद आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात त्यांचं नाव, पुढे तारीख, पुढे वेळ. जिवंतपणी बाईंना एका पानाला दोन-दोन दिवस लागायचे. मेल्यावर हात चांगलाच बसला म्हणायचा.

हा विनोद माझा नाही हं. तो त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जन्मला आणि चांगले आठ दिवस टेबलाटेबलांवरून खिदळत फिरला. ज्याने तो पहिल्यांदा केला त्याचीच ही गोष्ट. त्याला सगळे मांत्रिक म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायचं.

कंपनी शीतकपाटांचं सॉफ्टवेअर बनवायची. घरातले फ्रिज नव्हेत. रक्तपेढीत आणि दवाखान्यात असतात ती, माणसाहून उंच कपाटं. आतलं तापमान जरा इकडचं तिकडे झालं की कपाटाने अलार्म वाजवायचा. तो कधी वाजावा, कसा थांबवावा, पुन्हा कसा चालू करावा, हे सगळं सॉफ्टवेअर बघायचं. आणि ते सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे सांगणारं मॅन्युअल तिघं मिळून सांभाळायची. लिहायला मांत्रिक आणि त्याच्या हाताखाली नवीनच आलेली एक मुलगी, तिला सगळे धाकटी म्हणायचे. तपासायला मात्र एकट्या मोठ्या बाई, एकोणीस वर्षं.

बाईंचं तपासणं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पान कागदावर छापून घ्यायचं, पेन्सिल कानामागे खोचायची आणि तळघरातल्या चाचणीच्या खोलीत जायचं. तिथे एक खरं कपाट होतं. त्याच्यापुढे उभं राहून पानावर जे लिहिलंय तेच करायचं, एक बोट जास्त हलवायचं नाही. लिहिणाऱ्याने ‘बटण दाबा’ लिहिलं आणि कुठलं ते लिहिलं नाही, तर बाई हात मागे बांधून तिथेच उभ्या. वर येऊन म्हणायच्या, “कपाटापुढची बाई पाळीच्या शेवटी दमलेली असते रे. तुझ्या मनात काय होतं ते तिने कसं ओळखायचं?” मांत्रिकाचं पहिलं पान त्यांनी अकरा वेळा परत पाठवलं होतं. बाराव्यांदा घेतलं, त्या दिवशी तो घरी जाऊन बायकोला म्हणाला होता की मला आज लिहिता यायला लागलं.

पान पटलं की बाई कॉम्प्युटरवर त्या पानाच्या रकान्यात आपलं नाव घालायच्या, तारीख घालायच्या, वर स्वतःच्या भाषेत दोन शब्दही लिहायच्या, ‘बुधवारी, दुसऱ्यांदा पाहिलं, आता ठीक’ असे. मग हातातला कागद फाडून टाकायच्या. दोन ठिकाणी लिहून ठेवलं की दोन खरी होतात, असं त्यांचं म्हणणं.

आता रूपांतराची भानगड. मॅन्युअल होतं एका जुन्या फॉरमॅटमध्ये, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते उघडायचं ते बनवणारी कंपनीच बंद पडली. म्हणून सगळं नव्या फॉरमॅटमध्ये न्यायचं ठरलं. जुन्याची रीत अशी की ठळक अक्षर हवं तर आधी एक खूण उघडायची, शब्द लिहायचे, मग ती खूण मिटायची. मिटायची राहिली की संपलंच. ती पुढची चाळीस-चाळीस पानं ठळक करत सुटायची. मांत्रिकाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “हे अतृप्त आत्मे आहेत. यांचं मिटवल्याशिवाय हे कुणाला सोडणार नाहीत.” त्याने रूपांतरासाठी एक स्क्रिप्ट लिहिली, तिला नाव पडलं मंत्र. मंत्र मारला की जुनी फाईल नव्या रूपात यायची, निदान यायला हवी. कधी अर्धं पानच गायब व्हायचं. कधी एखादं कोष्टक उलटं होऊन बसायचं, मग धाकटी म्हणायची, “दादा, याच्या अंगात आलंय.” दादा बाह्या सरसावून स्क्रिप्टमध्ये चार ओळी घालायचे आणि अंगातलं उतरायचं. लोक पाणी प्यायच्या निमित्ताने येऊन बघायचे. माणसाला असं कौतुक झालं की तो फुगतो. मांत्रिक फुगला.

बाई हे सगळं व्हायच्या आधीच गेल्या. आजार मोठा होता, चार महिने चालला. पण जायच्या आधी, नव्या व्यवस्थेची आखणी चालली होती तेव्हा, त्यांनी एक नियम भांडून घालून घेतला होता. ज्या पानावर तपासणाऱ्याचं नाव आणि तारीख नाही, ते पान बाहेर कुणाला दिसताच कामा नये. साहेब, म्हणजे खात्याचे प्रमुख, कुरकुरले होते. बाई म्हणाल्या, “रकाना रिकामा असेल तर रिकामा दिसू दे. रिकामा रकाना खोटं बोलत नाही.” साहेबांनी मान डोलावली. आजारी बाईशी कोण वाद घालणार?

आणि तो शुक्रवार उजाडला. सोमवारी नवं मॅन्युअल सगळ्या दवाखान्यांना उघडून द्यायचं, असं साहेबांनी वर कबूल करून ठेवलेलं. मांत्रिकाने दुपारी शेवटचा मंत्र मारला आणि अकराशे चाळीसच्या अकराशे चाळीस पानं लाल झाली, म्हणजे तपासलेली नाहीत म्हणून अडवलेली. नव्या व्यवस्थेला ‘बुधवारी, दुसऱ्यांदा पाहिलं’ ही तारीख म्हणून चालेना. बाईंनी खरोखर तपासलेली पानं लाल, आणि त्यांच्यापुढे तपासायला पडून राहिलेली अर्धीमुर्धी पानंही लाल. ती पडून राहिलेली किती? कुणी म्हणतं तीनशे, कुणी म्हणतं साडेचारशे. मोजायला कुणी बसलंच नाही.

साहेब दारात येऊन म्हणाले, “हिरवं कर बाबा कसंही. सोमवारनंतर निवांत बघू.”

खरं म्हणजे बसून एकेक तारीख नीट लावायची होती. चार-पाच दिवसांचं काम. मांत्रिकाने एक ओळ लिहिली. प्रत्येक पानाच्या रकान्यात तपासनीस म्हणून बाईंचं नाव, कारण व्यवस्थेला ठाऊक असलेला तपासनीस एकच होता. आणि तारीख आजची. जी पानं खरी होती त्यांच्यावरही तेच घातलं, एकसारखं दिसावं म्हणून. चार वाजून बारा मिनिटांनी सगळी पानं हिरवी झाली. साहेबांनी टाळी दिली.

सोमवारी धाकटीच्या लक्षात आलं. “दादा, शुक्रवारी तपासलं म्हणे बाईंनी.”

मांत्रिकाने खुर्ची मागे ढकलली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “बोलावलं होतं मी. आल्या, बसल्या, सगळं बघून गेल्या. चहासुद्धा घेतला नाही.”

अख्खी खोली हसली. मग काय, विनोदाला पाय फुटले. हिशेब खात्यातले म्हणायला लागले की बाईंची रजा शिल्लक आहे का बघा. कुणी म्हणालं, वरचं नेटवर्क फार चांगलं आहे. साहेबही हसले, आणि हसता हसता ‘निवांत बघू’ मागे पडलं. तीन आठवड्यांनी कॉम्प्युटर विभागातला माणूस विचारायला आला की जुना सर्व्हर पुसायचा आहे, एक प्रत काढून ठेवू का. मांत्रिक तेव्हा रंगात होता. म्हणाला, “कशाला? भुतं कोण सांभाळणार?” आणि सगळं नीट उतरल्याच्या कागदावर त्याने सही ठोकली.

घरी बायकोला त्याने हा किस्सा जेवताना ऐकवला होता. ती दवाखान्यात रक्त तपासण्याचं काम करायची, दिवसभर नळ्यांवर लोकांची नावं चिकटवायची. ती हसली नाही. म्हणाली, “अरे, पण मग कुठलं पान खरं तपासलेलं आहे हे कसं कळणार?” तो म्हणाला, “तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.” विषय तिथेच संपला.

पाचव्या महिन्यात एका रक्तपेढीतून तक्रार आली. तिथल्या बाईंनी कपाट आतून पुसायला घेतलं होतं. मॅन्युअलचं पान उघडून त्या एकेक पायरी करत गेल्या. पहिलीत अलार्म थांबवला, सहावीत दार लावलं, आणि पान संपलं. अलार्म पुन्हा चालू करा, असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. सुट्टीच्या दोन दिवसांत कपाट बिघडलं, गरम झालं, आणि गप्प राहिलं. रक्ताच्या एकशे ऐंशी पिशव्या फेकाव्या लागल्या. कुणी दगावलं नाही, हे नशीब. पण शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, आणि ज्या बाईंनी कपाट पुसलं होतं त्यांना घरी बसवलं गेलं.

रक्तपेढीने विचारलं होतं, हे पान तपासलं कुणी?

मांत्रिकाने पान उघडलं. तळाशी बाईंचं नाव. धाकटी मागे येऊन उभी राहिली, तिचा चेहरा पांढराफटक पडलेला. पान तिनेच लिहिलेलं होतं. हळू आवाजात म्हणाली, “दादा, हे अर्धंच होतं. अलार्म पुन्हा चालू करायचं बटण बदलणार होते, म्हणून सातवी पायरी लिहायची ठेवली होती मी. बाईंनी दोनदा परत पाठवलं होतं. दोन्ही वेळा विचारलं होतं, सातवी कुठे आहे. मग त्या आजारी पडल्या.”

म्हणजे बाईंनी अडवून धरलेलं पान. बाईंच्याच नावाने बाहेर गेलं.

“आत्ता कुणाला बोलू नकोस,” मांत्रिक म्हणाला. हे त्याच्या तोंडून इतकं पटकन निघालं की त्याची त्यालाच लाज वाटली. पण शब्द मागे घेतला नाही. धाकटी आपल्या जागेवर जाऊन बसली आणि दिवसभर तिने मान वर केली नाही.

साहेबांनी त्याला खोलीत बोलावलं, दार लावलं. त्यांना सगळं माहीत होतं आणि काहीच माहीत नव्हतं, साहेब लोकांना हे जमतं. म्हणाले, “नाव तर बाईंचं आहे. आता त्या बिचाऱ्या नाहीत. त्यांना कोण काय विचारणार, आणि त्यांचं काय बिघडणार? सगळ्या ग्राहकांना एक सूचनापत्र पाठवू. तारखेचं तेवढं नीट लिही, नाहीतर कुणीतरी म्हणेल मेलेली बाई कशी तपासते. तू शब्दांचा माणूस आहेस.”

शब्दांचा माणूस जागेवर आला आणि त्याने शब्द जुळवले. ‘पानावरील तारीख रूपांतराची असून प्रत्यक्ष तपासणी त्यापूर्वीची आहे.’ चांगलं वाक्य होतं, कुठून बोट घालायला जागा नाही. त्याच्या आधीचं वाक्य होतं, ‘सदर पान आमच्या दिवंगत ज्येष्ठ तपासनीसांनी तपासले होते,’ आणि पुढे बाईंचं नाव. ते त्याला फार उघडं वाटलं. म्हणून त्याने आपल्या मनाने त्यात दोन शब्द घातले, ‘आजारपणाच्या काळात’. लोक बाईंना सांभाळून घेतील, असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो. पत्र गेलं. त्या दिवशी तो घरी गेला आणि बायकोने विचारलं, रक्तपेढीचं काय झालं, तेव्हा तो म्हणाला, मिटलं. ती हातातलं काम ठेवून वळली. मग म्हणाली, “त्या घरी बसवलेल्या बाईचं पण मिटलं?” तो हातपाय धुवायला आत गेला.

पत्र गेल्यावर नवव्या दिवशी खालून पहारेकऱ्याचा फोन आला. एक म्हातारे गृहस्थ आलेत, तुमच्याकडेच यायचं म्हणतात.

मोठ्या बाईंचे यजमान होते ते. धंद्याने घड्याळजी, अजूनही चौकातल्या दुकानात बसायचे. मांत्रिकाने त्यांना एकदाच पाहिलं होतं, बाईंना शेवटचं न्यायच्या दिवशी, आणि तेव्हा नमस्कार करून तो घाईने बाजूला झाला होता. ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून, पायातल्या चपला दाराशी काढाव्यात की नाही असं घुटमळत. मांत्रिकाने खुर्ची पुढे केली. ते तिच्या कडेला टेकले, जणू लगेच उठायचं आहे. वरच्या खिशातून त्यांनी कागद काढला, चार घड्या घातलेला. उलगडायच्या आधीच मांत्रिकाने तो ओळखला.

“पुतणीने आणून दिला,” ते म्हणाले. “ती दवाखान्यात असते, तिथे आला म्हणाली. म्हटलं, आपण जाऊन यावं. तुमचं नाव ती फार घ्यायची. पहिलं पान अकरा वेळा परत केलं होतं म्हणे तुमचं.”

“हो, काका.”

“तर मी माफी मागायला आलोय.”

मांत्रिकाला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

“तिच्या वतीने,” घड्याळजी म्हणाले. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवून तळहाताने सपाट केला. “शेवटी शेवटी ती कागद घरी आणायची. मी म्हणायचो, राहू दे आता. ऐकायची नाही. गोळी घेतली की तिला पेंग यायची, तरी पेन्सिल हातात धरून बसायची. मला कळायला हवं होतं, अशा डोक्याने कुणी असलं काम करतं का? मीच कागद काढून घ्यायला हवे होते. घेतले नाहीत, कारण तेवढंच तिला बरं वाटायचं. म्हणजे हे माझ्यामुळे झालं. इथे लिहिलंय बघा, आजारपणाच्या काळात.” त्यांनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. बोटाचं टोक घड्याळाच्या तेलाने काळं होतं. “कुणाकुणाला भेटायचं ते सांगा. तुमचे साहेब असतील तर त्यांना भेटतो. रक्तपेढीतही जाऊन येईन म्हणतो. एकोणीस वर्षांत तिच्या नावाला कुणी बोट लावलं नव्हतं हो. मला झोपच येत नाहीये.”

मांत्रिकाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण धरणी असल्या माणसांना घेत नाही, वरच ठेवते. बाकीच्या टेबलांवरचे लोक इकडेच बघत होते. धाकटी उठून उभी राहिली होती. आणि लाजेची गोष्ट म्हणजे, त्या क्षणीही त्याच्या डोक्यात आलं की हा म्हातारा माफी मागून निघून जाईल, आणि मग खरोखरच सगळं मिटेल. आलं त्याच्या डोक्यात. नंतर त्याने बायकोलाही तसंच सांगितलं, काही न वगळता.

“काका,” तो म्हणाला, “ते पान बाईंनी पास केलंच नव्हतं. दोनदा परत पाठवलं होतं. त्यात जे नाही, तेच त्यांनी मागितलं होतं.”

“मग नाव?”

“मी घातलं.”

“तुम्ही?”

“सगळ्याच पानांवर. त्या गेल्यावर. रिकामा रकाना चालत नव्हता, म्हणून.”

घड्याळजींना हे कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी मांत्रिकाच्या तोंडाकडे असं पाहिलं, जणू बंद पडलेलं घड्याळ समोर आहे आणि आत काय तुटलंय ते शोधायचं आहे. “चेष्टेने घातलंत?”

“नाही. घाईने. चेष्टा नंतर केली.”

“कसली चेष्टा?”

आता हे सांगायचं कसं? पण सांगितलं त्याने. बाईंच्या नवऱ्याच्या तोंडावर, खालच्या मानेने, तो सगळा विनोद त्याने पहिल्यापासून सांगितला. बोलावलं होतं, आल्या, बसल्या, चहासुद्धा घेतला नाही. आठ दिवस ज्याला लोक पोट धरून हसले होते, त्यात हसण्यासारखं काय होतं ते त्याला आता शोधून सापडेना.

“लोक हसले?” घड्याळजींनी विचारलं.

“हसले.”

“तुम्ही पण?”

“मी सगळ्यात आधी, काका. आणि हे ‘आजारपणाच्या काळात’ पण मीच लिहिलंय. कुणी सांगितलं नव्हतं.”

घड्याळजींनी कागदाची एक घडी घातली, मग दुसरी. तिसरी नीट बसेना. नऊ दिवस ते ज्या गोष्टीसाठी स्वतःला खात होते ती घडलीच नव्हती. त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण चेहऱ्यावर राग होता, आणि तो राग त्यांना बोलून दाखवता येत नव्हता, कारण आयुष्यभर ते गिऱ्हाइकाशी हळू आवाजातच बोलत आले होते. शेवटी ते म्हणाले, “आम्ही घरात तिचं नाव घेताना जपून घेतो. आणि तुम्ही शिक्क्यासारखं मारत सुटलात.”

 

मग घड्याळजी खुर्चीत जरा मागे सरकले, पहिल्यांदाच नीट बसले. आवाज मऊ झाला. “बरं, असू दे. तिची खरी पानं दाखवा मला. इथे काय करायची ती, मी कधी पाहिलंच नाही. दुकान सोडून यायला जमलं नाही. तिने स्वतः बघून सही केलेली जी असतील ती दाखवा. सगळी नको. दहा-बारा बघतो आणि जातो.”

धाकटीने तोंडावर हात ठेवला. तिला कळलं होतं.

मांत्रिकाने एक पान उघडलं, तळाशी बाईंचं नाव, शुक्रवार, चार बारा. दुसरं उघडलं, तेच. तिसरं उघडलं. जिथे पूर्वी ‘बुधवारी, दुसऱ्यांदा पाहिलं’ असायचं तिथेही तेच. जुना सर्व्हर पुसलेला, कागद बाईंनी फाडलेले. “काका,” तो म्हणाला, “ओळखता येत नाही. त्यांची होती त्यांच्यावरही मी हेच घातलं. आणि जुनी प्रत ठेवू का म्हणून विचारायला आले होते, मी नको म्हणालो.”

“का नको म्हणालात?”

“विनोद सुचला होता.”

घड्याळजी पडद्याकडे बघत राहिले. बायकोचं नाव वाचत होते की नुसतंच बघत होते, सांगता येत नाही. मग म्हणाले, “तुम्हाला तरी काही आठवतात?”

“काही आठवतात. धाकटीला काही आठवतील. पण नक्की अशी नाही. आणि नक्की नसेल तर बाई…”

“ती नाही म्हणाली असती,” घड्याळजींनी वाक्य पुरं केलं. “मग काढून टाका.”

“कुठल्या पानावरचं?”

“सगळ्या. तिचं नाव जिथे जिथे आहे तिथून काढा. मी बसतो इथे, माझ्यासमोर काढा.”

मांत्रिकाने की-बोर्ड जवळ ओढला. घालायला एक ओळ लागली होती, काढायलाही एकच लागली. वेळ लागावा असं त्याला फार वाटत होतं, पण पाणी प्यायला उठावं इतकाही लागला नाही. हिरवी पानं वरून खाली लाल होत गेली, आणि बाईंनी भांडून घालून घेतलेला नियम लागू होऊन बाहेरच्या जगाला एकेक करून दिसेनाशी झाली. त्यांच्या जागी फक्त एक ओळ उरली, की या पानाची तपासणी झालेली नाही, माहितीसाठी फोन करा, आणि खाली याच खोलीचा नंबर. घड्याळजींनी पुढे वाकून पाहिलं. “एकही नाही?”

“एकही नाही, काका.”

त्यांनी मान हलवली. कागद वरच्या खिशात ठेवला आणि बसून राहिले. नुकतंच कुणालातरी पोहोचवून आलेला माणूस बसतो तसे.

फोन वाजायला लागले. धाकटीने एक उचलला, आणि कुणालातरी सांगायला लागली की थांबा, मी एकेक पायरी तुम्हाला वाचून दाखवते, सात आहेत. तेवढ्यात साहेब आपल्या खोलीतून जवळजवळ धावतच आले. म्हाताऱ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

“सगळं मॅन्युअल गेलं,” ते म्हणाले. “काय केलंस तू?”

मांत्रिक उठून उभा राहिला. “बाईंचं नाव काढलं, साहेब. रक्तपेढीला मी आजच दुसरं पत्र लिहितो, चूक कुणाची ते. त्या घरी बसवलेल्या बाईंनाही.”

“अरे, पण बाईंनी खरंच तपासलेली सात-आठशे पानं होती त्यात. ती ठेवायचीस ना? ती कशाला पुसलीस?”

घड्याळजींनी मान वर केली.

“ती आज नाही पुसली, साहेब,” मांत्रिक म्हणाला. “ती मी त्या शुक्रवारीच पुसली.”